असई, आडगाव, गाविलगड: घरच्यांना घेऊन लढायांच्या जागा बघायला निघताय तर

जळगावहून सकाळी सहाला निघालं तर साडेनऊ-दहापर्यंत आपण अशा एका शिवारात उभे असतो जिथे २३ सप्टेंबर १८०३ ला दुपारी सुरू झालेली लढाई संध्याकाळी सहाच्या सुमारास संपली आणि तेवढ्या वेळात हजारो माणसं पडली. गावाचं नाव असई. आज तिथे कपाशी आहे, मका आहे, दोन नद्या आहेत, बैलगाडीच्या चाकोऱ्या आहेत. शाळेत आपण या गावाचं नाव एका ओळीत वाचलेलं असतं आणि पेपर झाला की विसरतो, मीही विसरलेलो होतो.

आम्ही तीन वर्षांपासून दिवाळीच्या सुट्टीत असल्या जागा बघतोय, आम्ही म्हणजे मी, मिसेस, दोन मुलं आणि माझी आई. ओळखीतले बरेच जण विचारतात की तिथे बघायला काय असतं, मुलं कंटाळत नाहीत का, गाडी जाते का, राहायचं कुठे. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढतोय, विशेषतः आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या मंडळींसाठी, कारण आपण या सगळ्याच्या अगदी मधोमध राहतो.

पहिली गोष्ट: एकच युद्ध निवडा

ही चूक आम्ही पहिल्या वर्षी केली. चार दिवसांत यादवांपासून बेचाळीसच्या चळवळीपर्यंत सगळं कोंबलं, आणि घरी आल्यावर मुलीला काहीच वेगळं आठवेना, सगळे बुरूज एकसारखे. तेव्हापासून नियम केला की एका सुट्टीत एकच युद्ध. नवीन माणसाने १८०३ चं दुसरं इंग्रज-मराठा युद्ध घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण दक्षिणेतली त्याची सगळी ठिकाणं आपल्या आजूबाजूला एका साखळीत येतात. १२ ऑगस्टला नगरचा किल्ला पडला, २३ सप्टेंबरला असई झाली, ऑक्टोबरमध्ये इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने आधी बऱ्हाणपूर आणि मग असिरगड घेतला, २९ नोव्हेंबरला आडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड, १७ ला नागपूरकर भोसल्यांचा देवगावचा तह आणि ३० डिसेंबरला शिंद्यांचा सुर्जी-अंजनगावचा तह. पाच महिन्यांत सगळं संपलं. नगर सोडलं तर बाकीचं गाडीने चार दिवसांत होतं, आणि क्रमाने गेलं तर मुलांना गोष्ट आपोआप लागते, पुढे काय झालं हे ती स्वतःच विचारतात.

आणि एक, हे युद्ध आपल्या खान्देशावरून गेलंय. १८०२-०३ मध्ये होळकरांच्या फौजा आणि पेंढारी आपल्या मुलखातून लुटत गेले, पेरण्या बुडाल्या आणि १८०३-०४ ला इथे भयंकर दुष्काळ पडला, गावंच्या गावं ओस पडली. त्या माणसांची रणभूमी कुठे दाखवणार? पण गाडीत बसल्या बसल्या हे मुलांना सांगायलाच पाहिजे, नाहीतर लढाई म्हणजे फक्त तोफा आणि घोडे एवढंच त्यांच्या डोक्यात राहतं.

कधी जायचं

सप्टेंबरमध्ये बरोब्बर तारखेला जायचा मोह होतो. जाऊ नका, निदान लहान मुलं आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर नकोच. काळी जमीन ओली असली की बुटाला दोन-दोन किलो चिखल लागतो आणि गाडी शेतरस्त्यावर घातली की तिथेच. आमची एकदा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रुतली, एका शेतकरी दादांनी ट्रॅक्टर लावून काढून दिली आणि पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. नोव्हेंबरचा शेवट ते जानेवारी हा सगळ्यात चांगला काळ. जमीन वाळलेली, नद्यांना थोडं पाणी असतं म्हणजे नदी नदीसारखी दिसते, हवा थंड. मार्चनंतर ऊन सोसत नाही. चिखलदऱ्याला डिसेंबरमध्ये रात्री चांगलीच थंडी पडते, स्वेटर-कानटोपी घ्या.

घरून काय तयारी करायची

मोबाईलवर त्या भागाचा मॅप आधीच डाऊनलोड करून ठेवा, शिवारात नेटवर्क येतं-जातं. सॅटेलाईटचा फोटो मोठा करून प्रिंट काढा. त्यावर मुलांना नद्या निळ्या स्केचपेनने आणि गावं लाल पेनने रंगवायला लावा, एवढं एक काम आदल्या रविवारी केलं तरी अर्धी ट्रिप सार्थकी लागते. या लढायांतला इंग्रजांचा सेनापती वेल्स्ली, म्हणजे पुढे जो वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला तोच, त्याची त्या काळातली पत्रं आणि रिपोर्ट नेटवर फुकट वाचायला मिळतात. ती इंग्रजांच्या बाजूची आहेत हे लक्षात ठेवून वाचायची. मराठी वाचताना कंपू, गोलंदाज, गारदी, पलटण असे शब्द येतील, त्यांचे अर्थ मुलांना आधी सांगून ठेवा. कंपू म्हणजे शिंद्यांची युरोपियन अधिकाऱ्यांनी तयार केलेली कवायती फौज, गोलंदाज म्हणजे तोफ चालवणारा, गारदी म्हणजे पगारी कवायती शिपाई, पलटण म्हणजे पायदळाची तुकडी.

खाण्याचं म्हणाल तर पहिल्या दोन दिवसांच्या दशम्या, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि भरपूर पाणी घरूनच. असईला हॉटेल शोधत बसू नका. भोकरदनला चहा-नाश्ता होतो. टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, साधी फर्स्ट-एड पेटी, आईच्या गोळ्या, एक चटई. चटई फार उपयोगी पडते, बांधावर बाभळीखाली टाकली की आई तिथे निवांत बसते आणि आम्ही फिरून येतो.

पहिला दिवस, असई

रस्ता जळगाव, फर्दापूर, अजिंठा घाट, सिल्लोड, भोकरदन. भोकरदन आणि जाफराबादच्या मधे असई आहे, जालना जिल्ह्यात. गावात पोचल्यावर सगळ्यात आधी पारावर बसलेल्या वडीलधाऱ्यांना रामराम करा, कुठून आलो, कशासाठी आलो सांगा आणि शेतातून जायची परवानगी मागा. आम्हाला कधी कोणी नाही म्हटलं नाही. उभ्या पिकातून चालायचं नाही, बांधावरूनच चालायचं, कपाशीची वेचणी चालू असेल तर बायांच्या कामात मधेमधे जायचं नाही. मुलांनाही हे गाडीतून उतरायच्या आधी सांगा.

आता लढाई कशी बघायची ते सांगतो. बहुतेक लोक गावात जातात, इकडे तिकडे बघतात, काहीच दिसत नाही म्हणून दहा मिनिटांत परत फिरतात. इथे दगड-बुरूज शोधायचेच नाहीत, इथे जमीनच बघायची आहे. दक्षिणेला केळणा नदी, उत्तरेला जुई नदी, दोन्ही पुढे पूर्वेला एकमेकींना मिळतात, आणि त्या दोघींच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात सगळं घडलं. तीन जागी उभं राहायचं.

पहिली जागा केळणेचा काठ, गावाच्या खालच्या अंगाला. शिंदे-भोसल्यांची फौज केळणेच्या उत्तर काठाला लांबवर पसरलेली होती, भोकरदनच्या बाजूला घोडदळ आणि असईच्या बाजूला कंपू आणि तोफा. कवायती पायदळ दहा हजारांवर, शंभराच्या आसपास तोफा आणि घोडदळ तर तीस-चाळीस हजार सांगतात. समोरून आलेल्या वेल्स्लीकडे प्रत्यक्ष लढाईत उतरलेली माणसं साधारण साडेचार हजार. समोरून नदी ओलांडणं शक्य नव्हतं. त्याच्या वाटाड्यांनी सांगितलं की खाली कुठेही उतार नाही, म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी जागा नाही. पण त्याने दुर्बिणीतून बघितलं की नदीच्या या काठाला एक गाव आहे, पिंपळगाव, आणि बरोब्बर समोरच्या काठाला दुसरं, वारूड. इथे थांबा आणि मुलांना विचारा, यावरून त्याला काय कळलं असेल? आमच्या मुलीने दोन मिनिटं विचार करून सांगितलं की दोन गावं समोरासमोर असतील तर लोक येत-जात असणार, म्हणजे मधे उतार असणारच. अगदी हेच त्याने ओळखलं आणि तिथून फौज पलीकडे काढली. आपल्याकडे तापीकाठी, गिरणाकाठी राहणाऱ्या कोणालाही हे लगेच पटेल, समोरासमोरची गावं आणि मधला उतार आपण लहानपणापासून बघतो. नदीच्या पाण्यात मुलांना उतरवू नका, डोह असतात.

दुसरी जागा दोन नद्यांच्या मधलं मोकळं शिवार. शिंद्यांच्या कंपूंचा मुख्य अधिकारी पोलमन नावाचा जर्मन होता. इंग्रज समोरून न येता बाजूने येतायत हे दिसल्यावर त्याने सगळी रांग दक्षिणेकडून पूर्वेकडे वळवली, दोन्ही नद्यांच्या मधे तोफांसकट अडसर उभा केला. एवढ्या मोठ्या फौजेने भर लढाईत तोंड फिरवणं सोपी गोष्ट नाही, वेल्स्लीलाही हे अपेक्षित नव्हतं. हे समजवायला मी मक्याच्या वाळक्या कणसांची रांग लावतो आणि मुलांना ती वळवायला सांगतो, रांग न मोडता. मोडतेच. मग त्यांना त्या शिपायांच्या कवायतीची किंमत कळते.

आणि इथेच गोलंदाजांचं सांगायचं. तोफांचा मारा इतका होता की इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल आणि माणसं सुरुवातीलाच पडली. इंग्रजी पलटणी संगिनी लावून तोफांपर्यंत पोचल्या तरी गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, तिथेच कापले गेले. काही जण तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले आणि पलटण पुढे गेल्यावर उठून त्याच तोफा मागे फिरवून परत डागायला लागले. हे वेल्स्लीनेच लिहून ठेवलंय, शत्रूने लिहिलंय म्हणून मी ते जास्त खरं धरतो. शिंदे आणि भोसले दोघंही राजे लढाई पूर्ण होण्याआधीच मैदानातून निघून गेले होते, घोडदळाने फार काही केलं नाही, आणि ही पगारी, बहुतेक उत्तर हिंदुस्थानातून आलेली माणसं मात्र आपल्या तोफेजवळ मेली. दरवेळी इथे उभं राहिलं की माझा घसा दाटतो.

तिसरी जागा असई गाव. तेव्हा गावाला मातीचा कोट होता आणि आत पायदळ-तोफा बसवलेल्या होत्या. इंग्रजांच्या उजव्या बाजूच्या तुकड्या चुकून सरळ गावाच्या माऱ्यात शिरल्या, त्यांच्या मागोमाग ७४ वी पलटण गेली, आणि त्या एका पलटणीची चारशे माणसं मेली नाहीतर जखमी झाली. गावाच्या कडेला उभं राहून शिवाराकडे बघितलं की कळतं, आडोसा कुठेच नाही, जाणार कुठे.

आकडे मुलांना जरूर सांगा पण शेवटी सांगा, जागा बघून झाल्यावर. इंग्रजांकडचे ४२८ मेले आणि ११३८ जखमी झाले, आणि यातही मोठा भाग मद्रासकडच्या आपल्याच शिपायांचा. शिंदे-भोसल्यांचे मैदानात मेलेले १२०० तरी असावेत असा इंग्रजांचा अंदाज, जखमी कितीतरी जास्त. ९८ तोफा गेल्या. पुढे म्हातारपणी वेलिंग्टनला विचारलं की तुझी सगळ्यात चांगली लढाई कोणती, तर त्याने वॉटर्लू सांगितली नाही, असई सांगितली.

आई अमळनेरकडची, हे सगळं ऐकून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती, मग अहिराणीत म्हणाली, "आठे कितला मानसे मरी गयात रे भो, आन् एक बी दगड नही." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. त्या गोलंदाजांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, त्यांची समाधी नाही, कबर नाही, जे काही आहे ते हे शिवारच आहे. म्हणून मी म्हणतो की असईला घाई करू नका, निदान तीन तास द्या आणि पायी फिरा.

शेतात कधी लोखंडाचा गोळा किंवा जुनं काही दिसलं तर उचलून गाडीत टाकायचं नाही. जमिनीत सापडलेल्या जुन्या मौल्यवान वस्तूंसाठी १८७८ पासूनचा कायदा आहे. पण कायद्याचं सोडा, ते त्या गावाचं आहे. सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना सांगायचं, फोटो काढायचा, विषय संपला.

परत येताना अजिंठा गावात थांबा, लेण्यांत नाही, वर घाटमाथ्यावरच्या गावात. लढाईनंतर जखमींना ठेवायला दौलताबादचा किल्ला मिळावा अशी वेल्स्लीची इच्छा होती पण निजामाच्या अधिकाऱ्यांनी दार उघडलं नाही, मग अजिंठ्याच्या कोटात दवाखाना उघडला. शेकडो जखमींना डोलीतून, गाड्यांतून या रस्त्याने आणलं. खाली दरीत लेणी होती आणि इंग्रजांना ती माहीतच नव्हती, ती त्यांच्या नजरेस पडली १८१९ मध्ये. लेणी बघायची असतील तर मुक्काम फर्दापूरला करा आणि सोमवार टाळा, सोमवारी लेणी बंद असतात.

दुसरा दिवस, बऱ्हाणपूर आणि असिरगड

हा दिवस थोडक्यात सांगतो. रावेरमार्गे बऱ्हाणपूर, तिथून खांडव्याच्या रस्त्याने वीसेक किलोमीटरवर असिरगड. आज मध्यप्रदेशात असला तरी हा जुन्या फारुकी सुलतानांच्या खान्देशाचाच मुलूख. स्टीव्हन्सनने १८०३ मध्ये तो काही दिवसांतच घेतला, तहात शिंद्यांना परत मिळाला, आणि १८१९ मध्ये मात्र इंग्रजांना मोठा वेढा घालून तो पुन्हा जिंकावा लागला, किल्लेदार यशवंतराव लाड ९ एप्रिलला खाली आला. वर जुनी मशीद आहे, अश्वत्थामा पूजेला येतो अशी ज्याची आख्यायिका आहे ते महादेवाचं मंदिर आहे, इंग्रजी शिबंदीच्या, म्हणजे किल्ल्यावरच्या फौजेच्या, पडक्या बराकी आणि कबरींची जागा आहे. आईला देवळाची गोष्ट आवडली, मुलांना बराकी. पायऱ्या-चढण आहे, वयस्कर माणसाला सावकाश न्या.

तिसरा दिवस, शेगाव, आडगाव, अंजनगाव

घरात म्हातारं माणूस असेल तर ही युक्ती लक्षात ठेवा, मुक्काम शेगावला ठेवायचा. महाराजांचं दर्शन होतं, भक्त निवासात स्वच्छ आणि परवडणारी खोली मिळते, महाप्रसाद होतो, आणि आई पुढचे दोन दिवस रणभूमी कितीही दाखवा, खूश असते. गुरुवार आणि सुट्टीची गर्दी टाळा.

सकाळी शेगावहून तेल्हाऱ्याकडे निघायचं. आडगाव तेल्हारा-अकोट पट्ट्यात आहे, उत्तरेला सातपुडा दिसत राहतो. इथली गोष्ट असईच्या उलटी. असईला ज्या देशी पलटणी तोफांपुढे चालत गेल्या होत्या, त्यांतल्याच तीन पलटणी इथे पहिल्या माऱ्याला बिचकून मागे पळत सुटल्या, वेल्स्लीने स्वतः जाऊन त्यांना गोळा केलं आणि परत रांगेत उभं केलं. माझ्या मुलाने विचारलं की तेच लोक घाबरले कसे. मी सांगितलं की माणूस एक दिवस शूर असतो आणि एक दिवस घाबरतो, तोच माणूस. तो आठ वर्षांचा आहे, त्याला हे लगेच कळलं. स्टीव्हन्सन इतका आजारी होता की हत्तीवरच्या अंबारीत बसून हुकूम देत होता. भोसल्यांची फौज राजाचा भाऊ व्यंकोजी म्हणजे मन्याबापू याच्या हाताखाली होती. लढाई सुरू झाली तेव्हा दिवस मावळायला थोडाच वेळ राहिलेला, पाठलाग चांदण्यात झाला, ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. शक्य असेल तर तुम्हीही दुपारनंतर पोचा, उजेड कलताना ते सपाट रान बघितलं की पळणाऱ्या माणसाला लपायला काय होतं हा प्रश्न आपोआप पडतो. इथे तासभर पुरतो.

दुपारनंतर पोचलात तर अंजनगावला अंधार होईल, म्हणून रात्री अकोटला राहून सकाळी अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा असं चिखलदऱ्याला चढणंही चांगलं. अंजनगावला वेगळं काही बघण्यासारखं शोधू नका, पण गाडी थांबवून मुलांना सांगा की शिंद्यांनी तह केला तो या गावात. नावाची पाटी दिसते तेव्हा फोटो काढा. पुस्तकातलं नाव रस्त्यावरच्या पाटीवर दिसणं ही मुलांसाठी मोठी गोष्ट असते.

चौथा दिवस, गाविलगड

चिखलदऱ्यात एक रात्र आधीच बुक करा, शनिवार-रविवारी आणि ख्रिसमसच्या सुट्टीत खोल्या मिळत नाहीत. गडावर सकाळीच जा. सगळा भाग मेळघाटच्या जंगलात आहे, वनखात्याचं गेट, वेळ आणि तिकीट तिथे विचारून घ्या, संध्याकाळच्या आत बाहेर पडा, एकटं-दुकटं आडवाटेला जाऊ नका, खाऊची पाकिटं टाकू नका.

गडाला तीन बाजूंनी तुटलेले कडे आहेत, फक्त उत्तरेकडून जमीन जोडलेली. स्टीव्हन्सनच्या माणसांनी जड तोफा डोंगरातून, रस्ता करत करत, ओढत त्या उत्तरेच्या बाजूला आणल्या. तुम्ही गाडीतून घाट चढून आलेला असता, तेव्हा मुलांना सांगा की याच डोंगरात बैल आणि माणसांनी तोफा ओढल्या. बाहेरच्या कोटाला खिंडार पाडून १५ डिसेंबरला आत शिरले तर पुढे अजून एक कोट, आणि तो शिड्या लावून ओलांडला. किल्लेदार बेनीसिंग राजपूत लढून मेला, शिबंदीतले फार थोडे वाचले. आत दिल्ली दरवाजा आहे, त्यावर गंडभेरुंड म्हणजे दोन तोंडांचा पक्षी आणि सिंह कोरलेले आहेत, तलाव आहेत, मशीद आहे, पडक्या तटावर काही तोफा अजून आहेत. तोफेवर मुलांना बसवून फोटो काढणारे लोक दिसतील. माझी कळकळीची विनंती आहे, काढू नका. त्या तोफेमागे कोणीतरी मेलंय.

वेळ कमी असेल त्यांच्यासाठी: एका दिवसात थाळनेर

धुळे-शिरपूरकडच्या लोकांना चार दिवस नको असतील तर थाळनेर करा. तापीकाठी पडका किल्ला, गावाजवळ फारुकी राजांच्या कबरी. २७ फेब्रुवारी १८१८ ला, मंदसोरच्या तहात होळकरांनी खान्देश सोडून दिल्यावर, इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉप किल्ला ताब्यात घ्यायला आला. शरण येण्याची बोलणी चालू असताना शेवटच्या दरवाजात गोंधळ झाला, एकमेकांची भाषा कळेना, आत शिरलेले इंग्रज अधिकारी मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून आतली जवळजवळ सगळी शिबंदी कापली गेली, किल्लेदार तुळशीराम मामा याला फाशी दिलं. या फाशीवरून खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये वाद झाला होता. आपल्या शिरपूर तालुक्यातलं गाव आणि लंडनला चर्चा, पण आपल्याला शाळेत कोणी सांगितलं नाही. नदीकडचा तट ढासळलेला आहे, मुलांचा हात सोडू नका. येताना धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळाचं संग्रहालय बघता येतं, उघडं आहे का ते आधी विचारून घ्या.

कबरस्थानात गेल्यावर

लढायांच्या जागा बघितल्यावर कबरी बघायचीही इच्छा होते, आणि व्हावी. सगळ्यात जवळची म्हणजे भुसावळला. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात ज्याचं आयुष्य गेलं तो मेजर रॉबर्ट गिल, ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेतला अधिकारी, १८७९ मध्ये वारला आणि भुसावळच्या जुन्या ख्रिश्चन कबरस्थानात पुरला गेला. जुनी कबरस्थानं अजूनही चालू असतात, लोकांचे आईवडील तिथे पुरलेले असतात, म्हणून आधी चर्चमध्ये किंवा राखणदाराला विचारायचं, मोठ्याने बोलायचं नाही, कबरीवर बसायचं-चढायचं नाही, डबा बाहेर खायचा. अक्षरं वाचता यावीत म्हणून दगड घासायचा नाही, पाणी शिंपडून तिरप्या उजेडात फोटो काढला की अक्षरं उठून दिसतात.

दुसरी म्हणजे पुण्याला खडकीची वॉर सिमेटरी, पुण्याला लग्नाकार्याला गेलात तर दोन तास काढा. दुसऱ्या महायुद्धातल्या १६६८ कबरी, सगळ्या दगडांची उंची सारखी, अधिकारी असो की साधा शिपाई. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मेलेल्या १८०० हून जास्त जणांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत. फाटकाजवळ रजिस्टर असतं, त्यात नाव, वय, कधी कधी आईवडिलांचं नाव आणि गाव. मुलांना एकच काम द्या, स्वतःच्या वयाच्या जवळचा सैनिक शोधा. एकोणीस-वीस वर्षांची पोरं सापडतात. आमची मुलगी एका दगडासमोर उभी राहून म्हणाली, आपल्या दादाएवढा आहे. तिचा चुलतभाऊ नुकताच पोलीस भरतीची तयारी करायला लागलाय.

हिंदू-शीख सैनिकांचं दहन झालं म्हणून त्यांच्या कबरी नसतात, त्यांची नावं स्मारकांच्या भिंतींवर असतात, जगभर, फ्रान्सपासून इराकपर्यंत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साईटवर नाव टाकून फुकट शोधता येतं. आपल्या आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं त्या काळच्या कारकुनाने कानाला येतील तशी लिहिलेली आहेत, त्यामुळे पाटील तीन-चार तऱ्हांनी टाकून बघा, आणि जिल्ह्याच्या जागी जळगाव-धुळे न शोधता पूर्व खान्देश, पश्चिम खान्देश शोधा, १९०६ पासून तेच जिल्हे होते. त्या आधीचा नुसता खान्देश.

शोध घरापासून सुरू केला तरी चालेल. पहिल्या महायुद्धानंतर महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत एक छोटी संगमरवरी पाटी लावली होती, या गावातून इतके जण लढाईला गेले, त्यातले इतके मेले, एवढाच मजकूर. चावडी, जुनी शाळा, देवळाची भिंत अशा ठिकाणी ती असते, कधी चुन्याखाली दडलेली, कधी वर फळा ठोकलेला. तुमच्या गावात असेल तर फोटो काढा, मजकूर वहीत उतरवून घ्या, आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की ते इतके जण म्हणजे कोणाच्या घरातले. आम्ही या दिवाळीत आईच्या माहेरी जाऊन हेच विचारणार आहोत, तिथल्या एका आजोबांचं वय नव्वदीच्या पुढे आहे आणि त्यांना सकाळी नऊच्या आत भेटावं लागतं, नंतर ते झोपतात.